कुंकू इथं लावावं

भाचीची अकरावी सुरू झाली आणि तिला लॅपटॉप घेऊन द्यायची जबाबदारी घरातल्यांनी एकमताने माझ्या गळ्यात टाकली. मी मराठी शिकवते. लॅपटॉपमधलं मला फार काही कळतं असा कुणाचाही गैरसमज नाही, पण शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला सगळंच कळतं असा आमच्याकडे एक समज आहे. गेले जालन्याला. दुकानदाराने दोन लॅपटॉप पुढ्यात ठेवले. दोन्ही पातळ, दोन्ही हलके. एक तीन वर्षांपूर्वीचा, एक यंदाचा. तो दोघांचे गुण गात होता तोवर मी दोन्ही एकेका हातात उचलून पाहिले, मग चार्जर मागून घेतले, वर ठेवले आणि पुन्हा उचलले. "मॅडम, वजन खोक्यावर लिहिलेलं आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "ते उपाशीपोटी केलेलं वजन आहे."

तो हसला. वाक्य माझं नव्हतंच. ते रशीद सरांचं.

कुंभार पिंपळगावच्या आमच्या शाळेत रशीद सर वीस वर्षं होते. त्यातली तेरा वर्षं मी शिक्षक खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काढली. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, कायम पांढरा सदरा, आणि खिशाला पेनाच्या जोडीने स्क्रू काढायचा एक छोटा पेचकस. त्यांचे वडील पिंजारी होते. गावोगाव फिरून गाद्या भरून द्यायचे. कापसाचं गाठोडं नुसतं हाताने उचलून ते वजन सांगायचे, आणि ते चुकलं नाही असं सर मोठ्या अभिमानाने सांगत. मुलाच्या हातात ती सवय उतरली होती. सोमवारी सकाळी सर शाळेच्या फाटकात उभे राहून पोरांची दप्तरं उचलून पाहायचे आणि जड दप्तरवाल्याला बाजूला घेऊन आतलं अर्धं सामान काढायला लावायचे. माझा डबा उचलून आज भाकरी एकच आणलीय हे ओळखायचे. एकदा माझी पर्स उचलली आणि फार गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मॅडम, नदीवरून दगडं आणून राह्यले का घरी?" त्या संध्याकाळी मी घनसावंगीला घरी जाऊन पर्स रिकामी केली. आत सहा खडू, दोन कुलपं आणि कुणाच्या तरी मुंजीचा नारळ निघाला.

खरं तर ते चित्रकलेचे शिक्षक. शाळेत कुठल्याशा योजनेतून सहा संगणक आले तेव्हा खोलीचा फ्यूज उडाला आणि तो सरांनी बसवला. तेवढ्या एका कर्तबगारीवर मुख्याध्यापकांनी संगणकाचा तास त्यांना देऊन टाकला. पंधरा दिवसांत सर त्या तासाच्या प्रेमात पडले. त्यांना यंत्र चालवण्यापेक्षा ते खोलून पाहण्यात जास्त आनंद होता. बंद पडलेली वस्तू टेबलावर घेतली की त्यांचा चेहरा बिर्याणीचं झाकण उघडल्यासारखा व्हायचा.

आमच्या संगणक खोलीचा थाट मात्र निराळा होता. खिडक्यांना पडदे. दाराबाहेर चपला काढायच्या. आत सरस्वतीचा फोटो, त्याच्यापुढे रोज उदबत्ती. संगणकांवर कपडे पांघरलेले. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. पोरं आत गेली की आपोआप हळू बोलायची आणि एका बोटाने कळ दाबून लगेच हात मागे घ्यायची. सरांनी बरंच काही बदललं, पण चपला आणि उदबत्ती त्यांनीही तशीच राहू दिली. आपल्या वस्तूची अदब राखली तर वाईट काय, असं ते म्हणायचे.

अडचण होती ती नदीकडच्या मुलींची. गोदाकाठच्या दोन-तीन गावांतून वीसेक मुली काळ्यापिवळ्या जीपने शाळेत येत. शाळा पाचला सुटायची आणि पाच वाजून पाच मिनिटांनी जीप निघायची. त्यानंतर त्या बाजूला काही जात नसे. शाळा सुटल्यावर थांबून शिकायचं तर गावातल्या पोरांनी. आठवड्यातून एक तास संगणकाचा, त्यात सहा यंत्रं आणि पन्नास पोरं, पुढे घुसतील ती मुलं. कावेरी नावाची दहावीतली एक मुलगी होती. नदीच्या घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या हे ती दर रविवारी मोजून वहीत लिहायची, वर्षभर. सरांनी तिला विचारलं, याचा आलेख संगणकावर का काढत नाहीस? ती म्हणाली, "सर, माझा नंबर आला की तास संपते."

हे सरांच्या मनाला लागलं. मग त्यांनी एक योजना काढली आणि तिला नाव दिलं मुक्कामी लॅपटॉप. यंत्राने मुलीच्या घरी जायचं, आठ दिवस मुक्काम करायचा आणि मग दुसरीच्या घरी. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. पण आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची एक तुकडी नेमकी त्याच वर्षी शाळेला काहीतरी द्यायचं म्हणत होती. त्यांच्यातला सतीश पुण्याला नोकरीला होता, तो आला आणि म्हणाला की आम्ही लॅपटॉप देतो, एकदम नवे, यंदाचे, बोटाएवढ्या जाडीचे, सात.

सरांनी तिथेच त्याला अडवलं. म्हणाले, त्याच पैशांत चार वर्षांपूर्वीचे बारा येतील. कंपन्यांत वापरून काढलेले, दुरुस्त केलेले. तेही हलकेच होते, त्यांच्या काळात त्यांनाही लोक पातळ म्हणायचे. शिवाय त्यांना खाली दहा पेच असतात, माणूस आत हात घालू शकतो. नवा म्हणजे सगळा चिकटवलेला डबा, बिघडला की फेका. सतीशला जुनं देणं कमीपणाचं वाटत होतं. मुख्याध्यापकांना फोटोत काय चांगलं दिसेल याची काळजी. आणि सरांचा आवाज चढत चालला होता. शेवटी असं ठरलं की एकेक नमुना आणायचा, गणपतीपासून दिवाळीपर्यंत दोन्ही मुलींच्या घरी फिरवायचे, बरोबर एकेक वही द्यायची, रोज काय झालं ते मुलींनी लिहायचं, आणि मग निकाल. निकाल काय लागणार हे सरांनी आधीच ठरवून टाकलं होतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बिलकुल."

पण परीक्षा घेताना त्यांनी लबाडी केली नाही. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते दोन्ही लॅपटॉप दोन दप्तरांत घालून नदीकडच्या जीपच्या मागच्या बाकावर बसले. मी माझ्या जीपची वाट पाहत उभी होते, त्यामुळे निघेपर्यंतचा सोहळा मला बघायला मिळाला. तिघांच्या बाकावर पाच जण, मधोमध सर, दोन मांड्यांवर दोन दप्तरं. एका बाईने लसणाची पिशवी कुठे ठेवू म्हणून विचारलं तर सर म्हणाले, "इथंच ठेवा दप्तरावर. हेच बघायचंय मला." ड्रायव्हरला त्यांनी बजावलं होतं की खड्डे चुकवू नको, रोज जसे घेतो तसेच घे. त्या बिचाऱ्याने सर बसलेत म्हणून गाडी फुलासारखी नेली. गावात पोचल्यावर सरांना ते लक्षात आलं आणि ते त्याला रागावून त्याच जीपने परत आले, या वेळी खड्ड्यांसकट. सोमवारी त्यांनी वहीत लिहिलं की जुन्याचा कोपरा बरगडीत टोचतो आणि नव्याचं झाकण लसणाने वाकतं. दोघांना सारखा दोष दिला होता. मला वही दाखवून विचारलं, बराबर आहे ना?

खंडेनवमीला घोटाळा झाला.

नवमीला आमच्याकडे घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा होते. विळे, खुरपी, मोटारसायकल, शिलाई मशीन, फवारणीचा पंप, सगळ्यांना कुंकू लागतं. त्या दिवशी नवा लॅपटॉप कावेरीच्या घरी होता आणि जुना तिच्याच गावातल्या दुसऱ्या मुलीकडे. दोन्ही घरांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. लॅपटॉप पाटावर मांडला, तो बंद कसा पुजायचा म्हणून उघडून सुरू केला, कळांवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूचं फूल तांब्यात बुडवून वरून पाणी शिंपडलं. कावेरीच्या आईने तीनदा शिंपडलं आणि मन भरलं नाही म्हणून चौथ्यांदा. दोन्ही घरांत पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला.

दोन्ही यंत्रं दसऱ्यानंतर शाळेत आली. जुनं दुसऱ्या मुलीने स्वतः आणलं, नवं जीपच्या ड्रायव्हरच्या हाती आलं. सरांनी जुन्याचे पेच काढले, कळांची पाटी उचलली, आतून कुंकू आणि सतरा तांदूळ काढले, ब्रशने साफ केलं, दोन दिवस उन्हात नाही पण पंख्याखाली वाळवलं आणि ते चालू झालं. नवं जालन्याला पाठवलं. तिथून निरोप आला की खालचा अख्खा भागच बदलावा लागेल. शिक्षक खोलीत चर्चा संपली होती. रशीद सर जिंकले होते. मुख्याध्यापकांनी तर एक पाऊल पुढे टाकून ही मुक्कामाची भानगडच बंद करा, जे काही येईल ते खोलीत कुलुपात ठेवू, असं म्हणायला सुरुवात केली. सरांचं मात्र कशात लक्ष नव्हतं. कावेरी चार दिवस शाळेत आली नव्हती.

पाचव्या दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, तुमी संगं चला. माझ्यासमोर तिची माय बोलायची न्हाई." शनिवारी आम्ही नदीकडच्या जीपने गेलो.

कावेरी कापूस वेचायला गेली होती. वडील आम्हाला ओसरीवर बसवून उभेच राहिले. शाळेची वस्तू आमच्या घरात बिघडली, आता पोरीला पाठवायला तोंड नाही, पुढच्या साली बघू, असं खाली मान घालून म्हणाले. आई दाराच्या आत होती. सरांनी पाणी घेतलं आणि दाराकडे पाहून शांतपणे विचारलं, पूजा कशी केली ते जरा सांगा. मी आत जाऊन तिच्याजवळ बसले. तिने आधी पदराने तोंड पुसलं, मग सगळं सांगितलं, पाट कुठला, फूल कुठलं, पाणी किती. शिंपडायच्या आधी पोरगी नको म्हणाली होती, मीच ऐकलं नाही, हेही सांगितलं. "पोरगी तवापासून धड जेवली न्हाई, सर. माझ्याशी बोलत बी न्हाई."

सरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, शाळेत त्या खोलीत जायच्या आधी आमी पोरायला चपला काढायला लावतो. उदबत्ती बी लावतो. इतक्या सालांपासून हेच शिकवून राह्यलो. तुमी तेच केलं. याला पाणी चालत न्हाई, हे सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं न्हाई. चूक माझी हाये."

त्यांनी हे समजूत काढायला म्हटलं नव्हतं. त्यांना तसं खरोखरच वाटत होतं, आणि ते त्या घरातल्या सगळ्यांना कळलं. वडील पहिल्यांदा खाली बसले. थोड्या वेळाने कावेरी शेतातून आली, आम्हाला पाहून उंबऱ्यातच थबकली. सरांनी तिला दुसरं काही न विचारता वही मागितली, लॅपटॉपबरोबर दिलेली. ती तिने शाळेत पाठवलीच नव्हती. परत येताना जीपमध्ये सर ती वही वाचत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी ती मिटली आणि बाहेर बघत राहिले. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, सांगतो, सभेत सांगतो.

सोमवारी कावेरी आली. तिच्या आईने स्वतः जीपपर्यंत आणून सोडली, असं ड्रायव्हरने सांगितलं.

सभा दिवाळीच्या सुट्टीआधी झाली. सतीश आला होता, जरा पडल्या चेहऱ्याने. मुख्याध्यापकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की सरांचं म्हणणं खरं ठरलं, तेव्हा जुने बारा घेऊ आणि खोलीत ठेवू. सर उठले. त्यांच्या हातात दोन्ही वह्या होत्या. त्यांनी नुसतं वाचायला सुरुवात केली. जुन्याच्या वहीत पाच मुलींनी जवळजवळ तेच लिहिलं होतं. लाईट नव्हती म्हणून लावला नाही. दीड तास चालला आणि बंद पडला. चार्जरसकट दप्तर जड झालं म्हणून आज घरीच ठेवला. नव्याच्या वहीत वेगळंच होतं. दिवसभर चालला. आईचा आवाज भरून तिला ऐकवला. कावेरीच्या पानावर होतं, आज घाटावर घेऊन गेले, पायऱ्या मोजून तिथंच लिहिल्या, चार महिन्यांचा आलेख झाला, पाणी कमी झालं की रेघ खाली येते.

सरांनी वह्या मिटल्या. "नवेच घ्या. सात घ्या. मी चुकलो," ते म्हणाले. "मला खोलायला आवडते म्हणून मला जुनं आवडत होतं. पोरींना खोलायचं न्हाई, चालवायचं हाये. त्यायच्या तिकडं संध्याकाळी लाईट कवा येईल त्याचा भरवसा न्हाई. ज्याला दिवसभर लाईट लागत न्हाई, तेच त्यायच्या कामाचं. अन् खोलीत ठेवायचे असतील तं मंग बिलकुल घेऊ नका."

मुख्याध्यापक म्हणाले, अहो सर, पण ते तर बिघडलं, सगळ्यांनी पाहिलं. सर म्हणाले, ते मी न सांगितल्याने बिघडलं, त्याचा दोष यंत्राला कशाला.

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. जिंकून बसलेला माणूस उठून स्वतःविरुद्ध बोलतो आहे, असं मी शिक्षक खोलीत तरी कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे लोक फळा कुठल्या भिंतीला लावायचा यावरून दोन-दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. सतीशने तिथल्या तिथे होकार दिला. फक्त त्याने यंदाच्याऐवजी गेल्या वर्षीचं मॉडेल बघा, तेही दिवसभर चालतं, असं सुचवलं, आणि त्यामुळे सातचे आठ झाले.

पूजेचा प्रश्न सरांनी घरी सोडवला. पूजा करू नका असं सांगणं त्यांना पटत नव्हतं, आणि कुणी ऐकलंही नसतं. त्यांच्या पत्नीने, आमच्या भाभींनी, आठ खोळी शिवल्या, कापूस भरून, गादीसारखे टाके घालून. प्रत्येक खोळीवर वरच्या बाजूला हातरुमालाच्या घडीएवढा लाल कापडाचा चौकोन जोडला आणि त्याखाली पांढऱ्या दोऱ्याने अक्षरं काढली, कुंकू इथं लावावं. अक्षरं सरांनी आखून दिली होती, चित्रकलेच्या शिक्षकाला शोभतील अशी. मी शुद्धलेखन तपासलं, एवढाच माझा हातभार. पूजा खोळ घालूनच करायची, पाणी शेतातल्या पंपाला, असं त्यांनी मुलींकडून पाठ करून घेतलं.

लॅपटॉप द्यायचा कार्यक्रम डिसेंबरात झाला. सर त्याच महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमाला मी नव्हते, सासूबाई दवाखान्यात होत्या. आणि सर नंतर परभणीला मुलीकडे राहायला गेले. म्हणून मला आठवतात ते त्या दिवशीचेच सर. भाषणं, हार, फोटो सगळं यथासांग झालं. पहिल्या मुक्कामाच्या आठ मुलींच्या घरच्यांना बोलावलं होतं. कावेरीचं नाव पुकारल्यावर ती उठली, पण सरांनी तिला हाताने बसवलं आणि मागे बायकांत बसलेल्या तिच्या आईला पुढे बोलावलं. ती उठेना. शेजारणींनी उठवून पाठवली. सरांनी खोळ तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली, आतून लॅपटॉप काढून उघडला आणि बाजूला झाले. म्हणाले, "ताई, चालू करा."

ती दोन पावलं मागे सरली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. "माझ्या हातानं नको, सर. पोरीला सांगा." सर म्हणाले, नाही, तुम्हीच. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. मुख्याध्यापक घड्याळ पाहत होते. सर तसेच उभे राहिले, जराही घाई न करता. तिने हळूच विचारलं, "पुन्हा बंद पडलं तं?"

"पडू द्या. चालू कसं करायचं ते कावेरी सांगंल."

कावेरी जागेवरून उठून आईच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिने बोटाने कळ दाखवली. आईने पदरातून उजवा हात काढला, साडीला दोनदा पुसला आणि अंगठ्याने कळ दाबली. पडदा उजळला. तिने लेकीकडे पाहिलं, आणि लेक तिच्याकडे पाहून हसली.

जीप निघाली तेव्हा मी आणि सर फाटकात होतो. मागच्या बाकावर कावेरी आणि तिची आई दाटीवाटीने बसल्या होत्या. खोळ आईच्या मांडीवर होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली होती. जीप वळेपर्यंत सर तिकडेच बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"बघितलं का मॅडम," ते म्हणाले, "मायनं पोरीच्या हातात दिलं न्हाई. सोता घेऊन गेली."